वाघनखी म्हणून आणलेली फुलं

मी ती फुलं वाघनखी म्हणून आणली होती. दुसरं नाव मला माहीतच नव्हतं. कानबाईच्या आदल्या दिवशी शेतावरून घरी येताना काट्यांच्या कुपाटीवर ती वेल दिसली, पानांची टोकं तारेसारखी वळून काट्यांना धरून बसलेली, आणि फुलं अशी की खाली पिवळी, वर लाल, पाकळ्या सगळ्या वरच्या अंगाला उलटलेल्या, वारा आला म्हणजे चुलीतला जाळ उभा राहतो तशा. मला पाचवा महिना होता. रनाळ्याला सून होऊन आले त्याला अजून वर्ष झालं नव्हतं, आणि ती फुलं बघितली तर मला एकदम माहेरी, खापरला गेल्यासारखं झालं. आमच्या खापरला बाजाराच्या मागे ओढ्याच्या काठी हीच वेल असायची, आम्ही पोरी त्या पाकळ्या थुंकी लावून नखांवर चिकटवायचो, हाताचे पंजे करायचो आणि एकमेकींच्या अंगावर धावून जायचो. म्हणून वाघनखी, वाघाची नखं. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथं कुणी काही सांगितलं नाही, आणि घरी तर नाहीच नाही.

मी पदर भरून फुलं तोडली. एक केसात खोवलं. वाटेत कुणी नाही असं बघून दोन पाकळ्या नखांवर पण लावून पाहिल्या.

घरी कानबाईची तयारी चालली होती. आमच्याकडे श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, लुगडं, केळीच्या खांबांचं मखर, आणि कुठं कुठं पांगलेले सगळे भाऊबंद त्या दिवशी एका घरात. सासू मखराला पानं बांधत होती, थोरली जाऊ खांब धरून उभी होती. मी पदर सोडला आणि म्हटलं, मखराला ही लावू.

सासूनं बघितलं आणि तिच्या हातातली पानं खाली पडली.

"हाई काय आनं वं तू? फेक. पयले फेक ते."

मी काही समजायच्या आत तिनं माझा पदर झटकला, मनगटाला धरून मोरीवर नेलं, राख घेतली आणि माझे हात घासायला लागली, भांडं घासावं तसे.

"डोकामा खोशेल शे का?"

तिनंच काढून फेकलं.

"तोंडमा घालं का?"

"नही."

"पोटले हात लागना का?"

आता याला काय उत्तर द्यायचं. पाच महिन्यांचं पोट घेऊन माणूस शेतावरून चालत येतं, पदर सावरतं, उन्हात क्षणभर थांबतं, त्याचा हात पोटाला लागला की नाही हे कुणाला आठवतं. सासू माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग हलक्या आवाजात म्हणाली, "कयलावी शे ती." आमच्या सासूच्या बोलीत ळ नाही, ती काळ्याला काया म्हणते, केळीला केयी. पुस्तकातल्या मराठीत म्हणाल तर कळलावी. एवढंच बोलून ती परत मखराकडे गेली, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

जावेनं सांगितलं, चुलीपाशी, सासूची पाठ वळल्यावर. "बाई अडनी म्हनजे तिन्ही मुयी बांधतस. मंग कया सुरू व्हतीस. नववा भरेल ऱ्हायना तं बरं शे. तुन्हा तं पाचवा शे." म्हणजे बाळंतपण अडलं की या वेलीचं मूळ बाईला बांधतात आणि ते कळा आणतं, मूल ओढून बाहेर काढतं. कळ लावते म्हणून कळलावी. नाव कुणी शोभेसाठी दिलेलं नाही, तिचं काम बघून दिलेलं आहे. जाऊ म्हणाली, गल्लीतल्या एका बाईचं पोटातलं मागल्या साली गेलं ना, ती त्या वेलीवरून ओलांडून गेली असेल. असेल म्हणाली, कुणी पाहिलं नव्हतं. पण माझ्या मनात ती बाई ओलांडताना दिसायलाच लागली.

त्याच संध्याकाळी रोटाचे गहू काढले. कानबाईच्या रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याला, घरातल्या एकेकाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ही आमच्या घरची रीत, आणि मूठ सासूची. तिनं सासऱ्यांच्या नावाची काढली, माझ्या मालकांची, दिराची, जावेच्या पोरांची, आणि सगळ्यांची झाल्यावर थांबून अजून एकदा कणगीत हात घातला. "हाई येनार शे त्यानी," म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे माझं बाळ आता देवीच्या हिशेबात आलं होतं, त्याचे गहू त्या सुपात पडले होते, आणि मी त्याच दिवशी पदर भरून ते मरण घरात आणलं होतं.

त्या दिवसापासून मी पोटाकडे कान लावून बसायची. जरा काही टोचलं की झालं, आली कळ. वायूनं दुखलं तरी कळ. बाळ हललं तरी वाटायचं हे हलणं नाही, निघणं आहे. आणि हललं नाही तर आणखीच भ्या. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, फुलानं काय होतंय, आणि गव्हाणीकडे निघून गेले. त्यांना काय, त्यांच्या पोटात थोडंच होतं.

दुसऱ्या दिवशी दर्शनाला शेजारची गुजर बाई आली. त्यांचं मूळ गुजरातचं, तापीकाठच्या गावची लेक, घरात गुजरीच बोलतात, पण आमच्याशी अर्धं तसं अर्धं असं. माझा चेहरा बघून तिनं विचारलं आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. ती हसली.

"अरे बेन, आ तो कंकासणी छे. घरमां कंकास करावे. बीजुं कंई नहीं."

कंकास म्हणजे भांडण. तिच्या माहेरी म्हणे ही वेल घराच्या छपरात कुणी चोरून खोचून ठेवली की सासू-सुनेचं जमत नाही, भाऊ भावाशी बोलत नाही. पोटाचं काही नाही, फक्त भांडण. आणि नंदुरबारच्या मारवाडी दुकानात ती सुंठ-पिंपळी घ्यायला जायची, त्या दुकानातल्या बाया तिला राजाराड म्हणतात, राड म्हणजेही भांडणच, राजाराजांत लावून देते अशी. "तारी सासू जुदुं कहे छे. मारी मा जुदुं कहेती."

मी तिचे हात धरले. माझ्या जिवाला केवढा आधार झाला काय सांगू. सासूची एक भाषा म्हणते कळा, आणि गुजराती आणि मारवाडी दोन्ही म्हणतात भांडण. दोन बोलींत ते नाव तसंच पडलं म्हणजे काहीतरी बघूनच पडलं असेल ना. मी ठरवलं, कंकासणीच खरी.

पण मग भांडण व्हायला पाहिजे होतं.

आणि आमच्या घरात तर कुणी भांडेना. कानबाई बसलेली, भाऊबंद जमलेले, सगळे गोड बोलत होते. ज्या काकासासऱ्याशी बांधावरून वाद होता तेही येऊन रोट खाऊन गेले, वर सासऱ्यांच्या पाठीवर हात ठेवून गेले. सोमवारी कानबाईला नदीवर नेलं, वाजतगाजत, तरी काही नाही. घरात इतकी शांतता मी कधी पाहिली नव्हती, आणि त्या शांततेनं माझा जीव वर-खाली होत होता, कारण फुलाचा जो काही गुण असेल तो भांडणात नाही निघाला तर कुठं निघणार. पोटातच ना. मी सासू-जावेच्या तोंडाकडे बघत बसायची, कुणी जरा आवाज चढवते का. जाऊ एकदा म्हणाली मीठ जास्त झालं, सासू म्हणाली, "व्हई गयं, पानी टाक." एवढ्यावरच मिटलं.

मग एका दुपारी भाकरी थापताना कमरेतून अशी एक कळ आली की पीठ हातातच राहिलं. खरी होती की भ्यानं आलेली, मला आजही सांगता येणार नाही. ती ओसरली आणि दुसरी येते की काय म्हणून मी श्वास धरून बसले, आणि मला वाटलं, आता वेळ नाही. भांडण आत्ताच व्हायला पाहिजे, आणि ते कुणी करत नसेल तर मीच करायला पाहिजे. सासू उंबऱ्यात बसून तूर निवडत होती. कशावरून भांडू, काही सुचेना, आणि तोंडातून जे निघालं ते निघालं, जावेच्या पोरांच्या गव्हावरून.

"आत्याबाई, थोरलीना आंडोरसनी मूठ मोठी काढी, आनि मन्हा पोरनी बारीक. का बरं?"

सासूनं मान वर केली. "काय बोली ऱ्हायनी तू?"

"दखं ते बोलस."

"कानबाईना म्होरे मी मूठ चोरसू?"

मी म्हटलं, कुणास ठाऊक. असं म्हटलं मी. थांबता येत नव्हतं, आणि एकीकडे मला वाटत होतं, निघतंय, बाहेर निघतंय, पोट हलकं होतंय. सासूचा आवाज मात्र चढला नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"या घरमा मी उनू तव्हयपासून मन्हीच मूठ शे. आजपावत कोनी बोट नही दाखाडं." आणि मग जावेकडे बघून, माझ्याकडे नाही, "इले इन्ही मायकडे पोचाडी द्या. तठे मोठी मूठ मियी."

त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. मला काही सांगायचं तर भिंतीला सांगायची, गाईला सांगायची. "गाय, तिले सांग पानी तापी गयं." जाऊ तोंडाला पदर लावून हसायची. मी हसले नाही, पण खरं सांगते, पहिले काही दिवस मला झोप लागली. भांडण झालं होतं. कंकासणीनं आपलं काम केलं होतं.

पोळा झाला आणि मला माहेरी पाठवलं. सातवा लागल्यावर न्यायची रीत, मी सहाव्यातच निघाले, कारण सासूनं एकदा तोंडातून काढलं होतं आणि ती ते परत घेणारी नव्हती. मालक सोबत होते. गाडीनं नंदुरबार, तिथून मोटार, प्रकाशा गावापाशी नावेतून तापी ओलांडायची, पलीकडे पुन्हा मोटार. तापी भरून वाहत होती, तांबडी लाल, झाडांचे ओंडके घेऊन. नाव मध्यावर गेली तशी आडवी व्हायला लागली, नावाडी बांबूवर ओणवे झाले, बाया देवाचं नाव घ्यायला लागल्या, आणि मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले. मला वाटलं भांडण करून मी काय मिळवलं, या नदीत आणून बसवलं त्या भांडणानं. पण मनात एक होतं, नदीच्या पलीकडे माझं माहेर आहे. तिथं ती वाघनखी आहे. तिथं तिला पोरी नखांवर लावतात. त्या काठाला पाय लागला की ती नुसतं फूल होईल.

माझे वडील खापरच्या बाजारात शिवणकाम करतात, घर म्हणजे पुढे मशीन आणि मागे आम्ही. पोचल्यावर मी आईला सगळं सांगितलं, वाटलं ती म्हणेल, येडी का काय, ती तर वाघनखी. आई उठली आणि मला दूध तापवून आणलं.

वडिलांना माझं तोंड बघवेना. ते बाजारातल्या वैद्यांकडे गेले विचारायला, आणि येऊन सांगितलं की वैद्य तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. तिचं मूळ खणून काढलं तर नांगरासारखं वाकडं असतं, दोन टोकांचं, म्हणून जुन्या लोकांनी ते नाव ठेवलं. नांगर म्हटल्यावर मला बरं वाटलं. नांगर शेतात असतो, त्यानं पीक येतं.

"अजून काय म्हणाले?"

"अजून एक नाव आहे म्हणाले. संस्कृत."

"काय?"

"लक्षात नाही राहिलं," वडील म्हणाले आणि मशीनवर बसून पाय हलवायला लागले. मशीनमध्ये कापड नव्हतं. मला पुष्कळ पुढे ते नाव कळलं, गर्भपातिनी, त्याचा अर्थ सांगायला नकोच. पण त्या दिवशी ते नाव न कळताही मला कळलं, कारण माझा बाप मला कधी खोटं सांगत नाही आणि त्या दिवशी त्यानं सांगितलं.

मी आईला धरलं. तू बोल म्हटलं. आई चूल फुंकत होती, धुरातूनच म्हणाली, "तू झालीस तेव्हा मला बांधली होती."

"कोणती?"

"तीच. ओढ्यावरची."

"मग वाघनखी?"

"पोरींना वाघनखी. लग्न झाल्यावर दुसरं सांगायचं असतं." तिनं फुंकणी खाली ठेवली. "सांगायचं राहून गेलं. तुझं लग्न घाईत झालं, कापूस यायच्या आत."

म्हणजे आमच्या गावातही तिला तेच नाव होतं. सगळ्या बायांना माहीत होतं. आम्ही पोरी ओढ्यावर पंजे करून नाचायचो तेव्हा पाण्याला आलेल्या बाया आमच्याकडे बघून हसायच्या, त्यांना माहीत होतं आम्ही काय नखांवर लावलंय, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही, फक्त म्हणायच्या, जेवायच्या आधी हात धुवा गं. मला राग यायला पाहिजे होता, पण भीतीच एवढी होती की रागाला जागा नव्हती. नदी ओलांडून मी आले ते त्याच वेलीच्या दारात.

मग आठवा लागला. आमच्याकडे म्हणतात सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. तो महिना मी कशी बसले माझं मला माहीत. उठताना भिंत धरायची, शिंक आली तर नाक दाबायची. ओढ्याकडे तोंड करून झोपत नव्हते. वेली तोवर वाळून गेल्या होत्या, आई म्हणायची बघ आता काही नाही तिथं, पण मला माहीत होतं की मूळ जमिनीत असतं.

नववा लागला आणि एका सकाळी मोटारीतून आमची सासू उतरली. डोक्यावर गाठोडं, त्यात डिंक, खोबरं, जुन्या लुगड्यांच्या घड्या. कुणी बोलावलं नव्हतं. ती आईशी बोलली, वडिलांशी पदर घेऊन बोलली, आणि माझ्या समोर बसून आईला म्हणाली, "तिले सांगा, पाय लोंबकाडीसन बठू नको म्हना. सूज शे." आईनं माझ्याकडे बघून सांगितलं, पाय लोंबकळू नको. मी ऐकलंच होतं. असं आमचं चाललं, एका खोलीत तिघी, आणि सासूचं प्रत्येक बोलणं आईच्या तोंडून फिरून माझ्याकडे यायचं.

कळा सुरू झाल्या त्या पहाटे, आपल्या वेळेला, कुणी न लावता. मी आनंद मानायला पाहिजे होता. पण सूर्य वर आला, डोक्यावर आला, आणि मूल येईना, आणि मग कळाच मंद पडल्या. मला आठवतं, मला झोप येत होती आणि आई माझ्या गालावर मारत होती. सुईण भिल्लांच्या पाड्यावरची, म्हातारी, तिनं माझ्या पोटावर हात ठेवला, सासूकडे बघितलं, आणि बाहेर गेली. आली तेव्हा मुठीत काहीतरी होतं.

मी ओळखलं. कधी पाहिलं नव्हतं तरी ओळखलं. वाकडं, दोन टोकांचं, मातकट. नांगरासारखं म्हणाले होते वडील, तसंच. मी ओरडले, नको, ते नको, मला सहन होईल, तेवढं नको. आईनं सुईणीला विचारलं, कळलावीच का. सुईणीनं तिच्या तोंडावर हातच ठेवला. त्यांच्यात म्हणे ते मूळ हातात असताना त्याचं कुठलंच नाव घेत नाहीत, आपल्या बोलीतलंही नाही. ती नुसतं "ही" म्हणायची. ही ठेचून मांडीला बांधायची, आणि मूल बाहेर पडलं की डोळा लवायच्या आत सोडायची. राहिली तर मुलामागं सगळंच ओढून आणते, बाई रिकामी होऊन जाते. म्हणून दोरा कच्चा पाहिजे, ओढला की तुटणारा, आणि एकीनं फक्त दोऱ्यापाशी बसायचं, दुसरं काही करायचं नाही.

"मी बठस," सासू म्हणाली.

आई दोरा आणायला पुढे धावली. घर शिंप्याचं. हाताला आलं ते रीळ घेऊन आली.

सुईणीनं फडक्यात घालून मांडीला बांधलं. थंड लागलं. मग मी त्या दोऱ्याकडे बघायचं सोडलं, सासूच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण दुसरं बघायला काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची बोटं गाठीवर होती आणि नजर जिथून मूल यायचं तिथं. कळा आल्या. त्या मुळानं आल्या की आपल्या आपण परत आल्या, मला माहीत नाही, मला विचारू नका. आल्या त्या अशा आल्या की मला खोलीही दिसेना, आणि मग सुईण मोठ्यानं काहीतरी म्हणाली आणि मला कळलं की माझ्यातून काहीतरी गेलं.

"सोड," सुईण म्हणाली.

सासूनं दोरा ओढला. तुटला नाही. तिनं परत ओढला, माझ्या मांडीत रुतला, तुटला नाही. मशीनचा दोरा, जाड्याभरड्या कापडाला लागतो तो, तो कसला तुटतो. गाठ घट्ट बसलेली. सुईणीचे दोन्ही हात बाळात गुंतलेले, आई कात्रीसाठी पुढच्या खोलीत पळाली, आणि मला वाटलं आता माझ्या मागं सगळंच निघणार, मी रिकामी होणार, मी बाळाचं तोंड बघितलं नाही अजून. मी सासूकडे बघितलं. तिनं एकदा मागं बघितलं, आई दिसेना, आणि ती माझ्या मांडीवर वाकली आणि दातांनी दोरा तोडला.

मूळ खाली पडलं. बाळ रडलं की त्याच्या आधी, ते आठवत नाही.

मला आठवतं ते सासूचं तोंड. ओठांना ते ठेचलेलं लागलं होतं, पांढरट. सुईण ओरडली, थुंक, थुंक, गिळू नको, आणि मला एकदम कळलं की ते विष आहे, नावं काहीही असोत. मी अर्धी उठले.

"आत्याबाई, थुंका. थुंका आधी."

ती थुंकली. मग माझ्याकडे वळली, भिंतीकडे नाही, आईकडे नाही. "तू चूप पडी ऱ्हाय," म्हणाली. "तुन्हं काम झायं."

आईनं तिला चुळा भरायला लावल्या, पुन्हा पुन्हा, मग दूध, मग पुन्हा चुळा. तिचे ओठ सुजले, जीभ बधिर झाली, बोलताना शब्द जड यायचे. मी बाळ कुशीत घेऊन पडले होते आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे. ती डोळे मिटून भिंतीला टेकली की मी हाक मारायची, आत्याबाई. ती हात हलवायची, जिती शे म्हणून. पुढचे दिवस तिला गरम काही खाता येईना, डिंकाचे लाडू तिनंच आणलेले, ते मी खाल्ले आणि तिनं ताकात भाकरी कुस्करून खाल्ली. त्या मुठीबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. तिला मी खरं का भांडले ते सांगायचं आहे अजून. धीर होत नाही.

मुलगी झाली. आता चालते. घरभर चालते, अंगणात चालते, आणि जे रंगीत दिसेल ते उचलते आणि तोंडात घालते.

शेताच्या कुपाटीवरची ती वेल या श्रावणातही आली आहे. मी म्हटलं खणून टाका. सासू म्हणाली, नाही खणायची, गल्लीत दोघींचे दिवस भरत आलेत, अडलं तर कुठून आणायची. हे ती बाई म्हणते, जिचे ओठ त्याच मुळानं भाजले. मी नुसते बाभळीचे काटे आणून त्या जागेपुढं टाकले, तरी शेतावर जाताना पोर कडेवरून उतरायला बघते. तिला ती फुलं दिसतात ना. लांबून दिसतात.

आता तिला काय म्हणून सांगू. देवी टोचायला आलेला माणूस म्हणाला, जहर आहे, गुरंसुद्धा मरतं, पण जहर म्हणजे काय ते दीड-दोन वर्षांच्या पोरीला काय कळणार. कळलावी म्हणायला सासू देत नाही, पोरीच्या तोंडी ते नको म्हणते. कंकासणी तिला म्हणता येणार नाही. आणि वाघनखी मी तिला सांगणार नाही, काही झालं तरी नाही, माझ्या आईनं त्या नावानं माझ्या हातात खेळणं दिलं होतं.

म्हणून मी तिला छी म्हणायला शिकवलंय. तव्याला छी, शेणाला छी, विहिरीला छी, आणि त्या फुलाला छी. तिला सगळं सारखंच. काल मी निंदत होते आणि मान वर केली तर ती काट्यांच्या अलीकडे जाऊन उभी होती, दोन्ही हात पाठीमागं. फुलाकडे बघत हळू आवाजात म्हणत होती, छी, छी. मी खुरपं टाकून पळाले. तिला उचललं, बोटं उघडून बघितली, तोंड उघडून बघितलं, जिभेखाली बघितलं. काही नव्हतं. तरी मी तिला पाटाच्या पाण्यावर नेऊन हात धुतले, आणि घरी येईपर्यंत दर थोड्या वेळानं तिचं तोंड उघडून बघत होते.